टेंभेकर काकांचा सांधा

टेंभेकर काकांच्या तोंडून मी आठ महिन्यांत एकदाही 'नाही' ऐकलं नाही. 'नको' नाही, 'जमणार नाही' नाही, 'असं करू नये' तर नाहीच नाही. हो म्हणायचं असलं की ते इथल्या छत्तीसगढी माणसासारखं 'हव' म्हणायचे, मान जराशी डावीकडे झुकवून. आणि नाही म्हणायचं असलं की गप्प बसायचे. तुम्ही एकदा विचारा, दहादा विचारा, ते तुमच्याकडे अगदी मायेनं बघत राहणार, चष्मा काढून बनियनच्या टोकाला पुसणार, परत घालणार, पण बोलणार नाहीत. साऱ्या जगात गप्प बसणं म्हणजे होकार. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात टेंभेकरांच्या घरी मात्र ते उलटं होतं, आणि हे ध्यानात येईपर्यंत माझं डोकं पार भंजाळून गेलं.

तसंही माझं डोकं त्या वर्षी ठिकाणावर नव्हतंच. छत्तीसगढ राज्य नवीन झालं होतं. मला भोपाळहून एका चिटोऱ्यावर रायपूरला पाठवलं, आणि माझ्या नवऱ्याला, तोही सरकारी नोकरच, तिकडंच ठेवून घेतलं. दोन ट्रंका आणि गॅसची शेगडी घेऊन मी एकटी इथं, काकांच्या वरच्या भाड्याच्या खोलीत, येऊन पडले. आमचं ऑफिस एका जुन्या इमारतीत प्लायवूड ठोकून उभं केलेलं. फायली ट्रकनं यायच्या, त्यातल्या कोणत्या आपल्या आणि कोणत्या चुकून आल्या हे साहेबांनाही ठाऊक नसायचं. मी आस्थापना शाखेत, म्हणजे कोणता कर्मचारी या राज्यात आणि कोणता त्या राज्यात, त्याच्या याद्या करायच्या. दिवसभर माणसं वाटत बसायची आणि संध्याकाळी खोलीवर येऊन विचार करायचा की बाई, तू स्वतः कुठली?

पहिल्याच आठवड्यात मी काकांना विचारलं, "काका, भिंतीला खिळा ठोकू का? कॅलेंडर लावायचं आहे." काका हसून बघत राहिले. चष्मा पुसला. मी समजले, हरकत नाही, आणि ठोकला की खिळा! काका बोलले काहीच नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर खिळा निघालेला, भोक पुट्टीनं बुजवलेलं, आणि कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं अगदी सरळ बांधलेलं. मला राग आला. अरे, मग सांगायचं होतं ना तोंडानं! शेजारच्या दीदींना सांगितलं तर त्या हसायला लागल्या. त्यांनीच मला गुरुमंत्र दिला. म्हणाल्या, टेंभेकर भैयांना 'करू का' असं विचारायचंच नाही, 'हरकत आहे का' असं विचारायचं. मग ते गप्प बसले की काम झालं.

तेव्हापासून मी तसंच विचारायला लागले. काका, कपडे वाळत घालायला गच्चीवर दोरी बांधली तर तुम्हाला त्रास होईल का? गप्प. झालं, दोरी बांधली. काका, मी रेडिओ लावला की तुमची झोपमोड होते का? गप्प. माणसाला एकदा युक्ती सापडली की ती किती सोपी वाटते! मी तर माहेरी पत्रात लिहून कळवलं, की घरमालक देवमाणूस आहे, फक्त प्रश्न नीट विचारावा लागतो.

काका रेल्वेतून रिटायर झालेले, टेलिफोन आणि सिग्नलच्या कामातले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घड्याळ रेल्वेचंच चालायचं त्यांच्या डोक्यात. संध्याकाळचे साडेसहा म्हणजे त्यांचे साडेअठरा. जेवण साडेबाराला आणि वीस वाजता. माझ्या डोक्यात तेवढी वजाबाकी होईपर्यंत काका जेवून हात धुवून मोकळे. पायात कायम कॅनव्हासचे बूट, घरातसुद्धा. आणि पुढच्या खोलीत, जिथं दुसऱ्या कुणाच्या घरी सोफा असता, तिथं त्यांचा 'फळा'.

हा फळा काय होता ते मला कितीतरी दिवस उमगलं नाही. दिसायला एक जुना कॉम्प्युटर, एक फोन आणि त्या दोघांच्या मधे दोन डबे, मोडेम म्हणतात ते. लोक आपापल्या घरच्या कॉम्प्युटरवरून काकांच्या नंबरला फोन लावायचे. इकडं डबा आपणहून फोन उचलायचा, चरचर, किंकिं असं काहीतरी बोलायचा, आणि मग त्या माणसाला तिकडं आपल्या पडद्यावर फळा दिसायचा. त्यावर चिठ्ठी ठेवायची, दुसऱ्यांच्या वाचायच्या आणि निघायचं. एका वेळी एकच माणूस आत. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. रायपूर, भिलाई, बिलासपूरची वीस-पंचवीस मराठी घरं होती त्यात. इथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू केव्हा, कुणाची पोट्टी लग्नाची आहे, कोण रविवारी नागपूरला जाऊन राहिलं आणि त्याच्या हाती संत्राबर्फी मागवता येईल काय, असं सगळं त्यावर. मी विचारलं, हे फोनवर बोलूनच काहून नाही सांगत? काका म्हणाले, फोनवर सांगितलेलं एकालाच ऐकू येतं.

दोन डब्यांना नावं होती. काळा जुना तो थोरला, पांढरा नवा तो धाकटा. धाकटा फार वेगानं बोलायचा. थोरला सावकाश, पण फोनच्या तारेत कितीही खरखर असली तरी शब्द सोडायचा नाही. टेलिफोन मात्र एकच. मग येणारा फोन कोणी उचलायचा? त्यासाठी काकांनी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. रेल्वेत गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घालतात त्याला सांधा बदलणं म्हणतात, म्हणून त्याचं नाव सांधा. एरवी सगळे फोन धाकट्याकडे जायचे. फक्त गुरुवारी सोळा ते सतरा, म्हणजे चार ते पाच, सांधा आपोआप बदलायचा आणि फोन थोरला उचलायचा. काकांनी हे मला पोह्यांच्या बशीत चमच्यानं दोन रूळ काढून समजावलं. मी 'कळलं, कळलं' म्हटलं आणि पोहे खाल्ले. कळलं काही नव्हतं. ऑफिसातही मी त्या दिवसांत सगळ्यांना 'कळलं' असंच म्हणत होते.

गुरुवारचा हा एक तास मंडळाच्या लोकांना फार खुपायचा. त्या वेळात फळ्यावर गेलं की बैलगाडीत बसल्यासारखं होई, एकेक ओळ रांगत यायची. गणपतीच्या आधी सेक्रेटरी आणि आणखी दोघे शिष्टमंडळासारखे आले. थोरल्याला आता पेन्शनीत काढा, असं त्यांचं म्हणणं. कोपऱ्यावर सायबर कॅफे निघाला आहे, पोरं तिकडं चालली, आपण मागं पडून राहिलो काका, वगैरे. काकांनी चहा दिला, चिवडा दिला, सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला. सेक्रेटरी खूश होऊन ओसरीच्या पायऱ्या उतरले. मी गच्चीवरून बघत होते, मला हसू आवरेना. पुढच्या गुरुवारी चार वाजता थोरला आपला जागेवर हजर. मंडळात मग एक कुजबुज निघाली, की टेंभेकरांचं जबलपूरला कोणी बाईमाणूस आहे, गुरुवारचा फोन तिचाच. मी मेली त्यावर विश्वास ठेवून मोकळी झाले. वाटलं, असेल बाई, एकटा माणूस आहे.

एका गुरुवारी ऑफिसला सुट्टी होती. दुपारी चारला मी इडली द्यायला पुढच्या खोलीत गेले, तर थोरल्याचा लाल दिवा लुकलुकत होता आणि काका पडद्यासमोर हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत. तिकडून एकेक अक्षर येत होतं. काका थांबायचे, मग दोन बोटांनी उत्तर टाईप करायचे. मी परत फिरणार, तर त्यांनी हातानं बसायला सांगितलं.

"माही बहीण आहे. शालू," ते म्हणाले. "नऊ वर्षांची होती तेव्हा ताप आला, तेव्हापासून तिले ऐकू येत नाही. हा तिचा फोन आहे."

मला इतकी लाज वाटली की इडलीची बशी तशीच हातात राहिली. शालूताई जबलपूरला एका सरकारी ऑफिसात नकाशे छापण्यासाठी गिरवायचं काम करायच्या, ट्रेसर. लग्न केलं नव्हतं. एकट्या राहायच्या. त्यांच्या मोहल्ल्यातली फोनची तार इतकी खरखरीत की धाकट्याचं वेगाचं बोलणं तिथं टिकायचंच नाही, लागला फोन की तुटला. थोरल्यासारखाच एक काळा डबा काकांनी त्यांना नेऊन दिला होता. ते दोन म्हातारेच एकमेकांचं नीट ऐकायचे. गुरुवारी त्यांच्या ऑफिसातून त्यांना लवकर सोडायचे, म्हणून गुरुवार.

त्या दिवशी काका जरा बोलले. मोजकंच, पण बोलले. काकू होत्या तेव्हाची गोष्ट. शालूताईंनी पत्र पाठवून विचारलं होतं, दादा, मी रायपूरला तुमच्याजवळ राहायला येऊ का? काकूंच्या मनात नव्हतं. बहिणीला नाही म्हणायचं काकांच्या जिवावर आलं, आणि त्यांनी पत्राला उत्तरच दिलं नाही. शालूताई समजल्या. पुन्हा कधी विषय काढला नाही. काका मला म्हणाले, बेटा, एक ओळ लिहायले किती वेळ लागते? आणि चष्मा काढला, पण पुसला नाही. मला तेव्हा कळलं की हा फळा मंडळासाठी वगैरे नव्हता. वीस-पंचवीस घरांची ती सगळी वर्दळ एका गुरुवारच्या तासाभोवती बांधलेली होती.

नवरात्रात काकांच्या मोतीबिंदूचं ठरलं. नागपूरला पुतण्या होता, त्यानं डॉक्टरची तारीख घेतली आणि परवाच या म्हणून फोन केला. काकांची धांदल उडाली. निघताना त्यांनी मला फळ्याच्या खोलीत उभं करून सगळं सांगितलं. मशीन चालू ठेव. पंखा चालू ठेव. खंडेनवमीला डब्यांना फूल वाह. बाकी सांधा पाहून घेईल. गुरुवारी मी ऑफिसातून साडेपाचशिवाय सुटायची नाही, पण माझी गरजच नव्हती. हे कर आणि ते कर एवढंच त्यांनी सांगितलं. काय करू नको ते सांगितलं नाही. ते त्यांच्या जिभेवर नव्हतंच कधी.

आता माझं माहेर फिटरचं. बाबा खंडेनवमीला आपले पाने, पकडी, हातोड्या रॉकेलमध्ये धुऊन लख्ख करायचे, पाटावर मांडायचे, हळदकुंकू, झेंडूचं फूल. त्या दिवशी अवजाराला काम नाही, त्याची पूजा. घाणेरड्या हत्याराची पूजा केली तर ते वर्षभर हातावर रुसतं, असं बाबा म्हणायचे. काका गेल्यावर चौथ्या दिवशी खंडेनवमी आली. मी त्या दोन डब्यांकडे पाहिलं, तर मागच्या बाजूला धुळीची ही जाड पुटं! नुसतं फूल वाहायला मन धजेना. मी म्हटलं, एक तास बंद राहिलं तर काय आकाश कोसळतं? मशीन बंद केलं. तारा सोडवल्या. दोन्ही डबे ओल्या फडक्यानं, मग कोरड्या फडक्यानं पुसले, पाटावर मांडले. थोरला मानाचा, म्हणून उजव्या हाताला. धाकटा डावीकडे. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. उदबत्ती लावली. काकांच्या वतीनं मनापासून नमस्कार केला.

मग होते तसेच दोघांना उचलून टेबलावर ठेवले. थोरला उजवीकडे, धाकटा डावीकडे. समोर ज्या तारा आल्या त्या घट्ट बसवल्या. सुरू केलं तर दोघांचे लाल दिवे लागले, आणि मी निश्चिंत झाले. थोरला आधी डावीकडे होता, म्हणजे आता एकाची तार दुसऱ्याला बसली, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

काकांच्या डोळ्याचं काहीतरी बिघडलं. टाका पिकला म्हणे. चार दिवसांचे चार आठवडे झाले. डोळ्यावर पट्टी, लिहिणं-वाचणं बंद. पुतण्याचा अधूनमधून माझ्या ऑफिसात फोन यायचा आणि मी सांगायची की सगळं ठीक आहे. मधे एकदा सेक्रेटरींचाही तिथंच फोन आला, म्हणे तुमचा फळा आजकाल रोजच रांगून राहिला आहे. मी म्हटलं, काका नाहीत, त्याला करमत नसेल. विनोद केला मी! मला काय ठाऊक की रोज थोरला उचलून राहिला, आणि गुरुवारी चारला धाकटा.

त्याच आठवड्यांत आमच्या शाखेत धामधूम होती. ज्यांचं दोन राज्यांत वाटप व्हायचं होतं त्यांच्याकडून विकल्प मागवले होते, म्हणजे कुठं राहायचं ते ज्यानं त्यानं फॉर्मवर लिहून द्यायचं. शेवटची तारीख गेली, गठ्ठे आले, आणि मी याद्या उतरवायला बसले. जबलपूरच्या गठ्ठ्यात एक नाव दिसलं. कुमारी शालिनी टेंभेकर, ट्रेसर, विकल्प मध्यप्रदेश. मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखा आनंद झाला. म्हटलं, काकांना सांगू.

काका परत आले, काळा चष्मा लावून, अंगानं अर्धे झालेले. पहिल्या दिवशी जेवायला मी त्यांना माझ्याकडंच बोलावलं. वरण-भात, वांग्याची भाजी, कढी. वाढता वाढता मी बातमी दिली, की शालूताईंचं नाव आमच्या यादीत पाहिलं बरं का, त्यांनी तिकडंच राहायचं लिहून दिलं.

काकांचा हात ताटातच थांबला. मी पुढे काहीतरी बोलत होते, पोळी वाढू का वगैरे. ते उठले, हात न धुताच पुढच्या खोलीत गेले. थोड्या वेळानं मला हाक मारली. पडद्यावर एक चिठ्ठी उघडलेली होती, नागपूरला जायच्या आधल्या दिवशी त्यांनीच शालूताईंसाठी फळ्यावर ठेवलेली. वरती खूण होती, अजून वाचली गेलेली नाही. काकांना जवळचं दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी मलाच वाचायला लावली. इंग्रजी अक्षरांतली चारच ओळींची चिठ्ठी. शालू, हव. ये. रायपूर लिहून दे. फळ्याची खोली तुझी, मी डबे ओसरीत नेतो.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काका निघायच्या आधीच्या गुरुवारी शालूताईंनी विचारलं होतं. फॉर्म आला आहे, रिटायर व्हायला तीन वर्षं आहेत, या वेळी येऊ का? आणि म्हणाल्या होत्या, लगेच सांगू नको, विचार कर, पुढच्या गुरुवारी मी फळ्यावर पाहीन. डोळ्याचं त्यांना आधी सांगितलं नव्हतं, उगाच काळजी करतील म्हणून. मी विचारलं, काका, एक पत्र काहून नाही टाकलं सोबत? ते म्हणाले, पत्रानं तिनं एकदा विचारलं होतं ना, म्हणून या वेळी इथंच लिहावंसं वाटलं.

शालूताईंनी पहिल्या गुरुवारी फोन लावला असणार. दुसऱ्या, तिसऱ्या गुरुवारी. घंटी वाजली असणार, धाकट्यानं उचलला असणार, आणि त्यांच्या पडद्यावर काहीच उमटलं नसणार. त्यांच्या दादाचं गप्प बसणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्याहून चाळीस वर्षं आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी फॉर्म भरून टाकला.

काकांनी तारेवर बोट ठेवलं आणि डब्यापासून मशीनपर्यंत चाचपत नेलं. मग दुसऱ्या तारेवर. डब्यावर कुंकवाचा टिळा अजून होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तारा काढल्या होत्या काय, बेटा?"

मी सगळं सांगितलं. धूळ, पाट, थोरला उजवीकडे. मी काहीही लपवलं नाही, आणि सांगता सांगता रडायला लागले. काकांनी डब्यावरच्या टिळ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "काढू नको, असं मीच म्हणायले पाहिजे होतं."

गुरुवारी मी सुट्टी टाकली. काकांनी तारा सरळ करून ठेवल्या होत्या. पावणेचारपासून आम्ही दोघं त्या खोलीत बसलो, थोरल्याकडे बघत. चार वाजले, सव्वाचार, साडेचार. रस्त्यावरून गॅस सिलिंडरवाला गेला. पाच वाजता खटकन आवाज झाला, सांधा बदलला. फोन आला नव्हता.

"तिनं विचारलं, अन् मी पुन्हा गप्प बसलो," काका म्हणाले. "तिच्या बाजूनं पाहिलं तर तेच झालं."

त्यांनी पत्र टाकलं. दुसऱ्याकडून लिहून घेतलं नाही, मोठमोठ्या वाकड्या अक्षरांत स्वतः लिहिलं. इकडं मी ऑफिसात साहेबांच्या पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं. सर, एक नाव बदला, चूक माझी आहे, त्यांची नाही. साहेबांना माझं म्हणणं कळेचना. मोडेम, खंडेनवमी, बहिरी ट्रेसर, हे सगळं एका अर्जात कसं लिहायचं? मलाही येईना. साहेब म्हणाले, मॅडम, यादी वर गेली, आता देव आला तरी बदलत नाही. इतकी वर्षं मी हे वाक्य दुसऱ्यांना ऐकवत आले होते.

दहा-बारा दिवसांनी शालूताईंचं पोस्टकार्ड आलं. अक्षर छापल्यासारखं सुरेख. दादा, कळलं. तुझी काही चूक नाही. पण आता फॉर्म गेला, राहू दे. काकांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्यांना ते खरं वाटलं की त्यांच्या समाधानासाठी लिहिलेलं, ते मला त्यांच्या तोंडावरून ओळखता आलं नाही. आजही मी ठरवू शकत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी जबलपूरला जायला ट्रंक काढली.

फळ्यावर शेवटची चिठ्ठी मी टाईप केली, काकांनी सांगितली तशी. फळा आजपासून बंद, सर्वांना नमस्कार. सेक्रेटरी धावत आले, म्हणाले काका, असं काय करता, आम्ही गुरुवारबद्दल काही म्हणणार नाही. काकांनी त्यांना चहा दिला. घराची किल्ली माझ्याकडे आली. कॉम्प्युटर आणि धाकटा जागेवरच राहिला. थोरल्याला काकांनी काकूंच्या जुन्या शालीत गुंडाळून कापडी पिशवीत घातलं. मी म्हटलं, आता तर तुम्ही त्यांच्या समोरच बसणार, तिथं हा कशाला? म्हणाले, त्याची जोडी तिथं आहे.

जबलपूरची गाडी संध्याकाळी होती. काकांच्या भाषेत अठरा वाजून काही मिनिटं. मी स्टेशनवर गेले, डब्यात त्यांचं सामान लावून दिलं, पाण्याची बाटली दिली, पोळी-भाजीचा डबा दिला. खिडकीशी उभी राहिले. केव्हा परत याल, विचारलं, तर म्हणाले, आता तिले विचारूनच. पिशवी त्यांच्या मांडीवर होती आणि तिच्यावर दोन्ही हात. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा मला एकदम भीती वाटली की हे माझ्या पोटातच राहील.

"काका, माझ्यावर राग आहे का?"

काकांनी काळा चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा लाल होता, त्यातून पाणी येत होतं. चष्मा त्यांनी शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला आणि माझ्याकडे बघत राहिले. गाडी हलली. मी दोन-चार पावलं बरोबर चालले. ते बघतच होते, मायेनं म्हणा किंवा कसं म्हणा, काळ्या काचेतून मला काही कळलं नाही. बोलले मात्र नाहीत.

काकांचं गप्प बसणं म्हणजे नाही. ब्राह्मणपाऱ्यातलं शेंबडं पोरही हे सांगेल. राग आहे का, तर नाही. मी स्वतःला हेच बजावत रिक्षात बसले आणि घरी येऊन त्यांच्या दाराचं कुलूप लावलं. मग जिन्यात उभी असताना मला आठवलं, की 'क्षमा कराल का' असंही विचारता आलं असतं. मी तसं विचारलं नव्हतं.